कोपऱ्यातला बारीक काळा डाग

ऐका, हे आत्ताच सांगायचंय. म्हणजे आत्ता. दुपारचे चार वाजलेत, फोनवर एकसष्ट मेसेज पडलेत, सगळे "ताई ही आहे का", "ताई दुसरा कलर दाखवा" असले, आणि मी एकालाबी उत्तर दिलेलं नाही. पलंगावर साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून हे टाइप करायलेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घ्या. मधी थांबले तर परत लिहिणार नाही, माझं मला माहितीय.

आधी मी काय करते ते सांगते, कारण ते एका दमात कुणाला कळतच नाही. मी कळंबला राहते आणि घरून साड्या विकते. नव्या नाहीत, जुन्याबी नाहीत. आहेरातल्या. आपल्याकडं लग्नात बायकांना किती साड्या येतात ते तुम्हाला मी काय सांगू. मामीची, मावशीची, शेजारणीची, नवऱ्याच्या मित्राच्या आईची. त्यातल्या चार नेसायच्या, बाकीच्या कपाटात. मग कुणाचं लग्न निघालं की त्यातलीच एक काढायची आणि पुढच्या बाईच्या हातात द्यायची. आमच्या घरची एक मोरपंखी साडी तीन लग्नं फिरून परत आमच्याच घरी आली होती. आईनं ओळखली आणि हसून हसून बेजार झाली. तिथंच माझ्या डोक्यात आलं. म्हणलं ह्या साड्या नुसत्या फिरायलेत, कुणी नेसतच नाही, तर मी त्या नेसणारीपर्यंत पोचवते की. मग बायकांच्या कपाटातनं गोळा करायच्या, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि जिला पाहिजे तिला पोस्टानं पाठवायची. दोन वर्षं झाली. आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, ते सोडलं. आता सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत हेच.

तरी पाहुणे आले की आई सांगती, "घरीच असती सध्या."

आणि ते खोटं नाही. मी लई घरी असते. आई अंगणवाडीत जाती, पप्पा आडत दुकानात मुनीम आहेत, भाऊ पुण्याला. साडेनऊला दार लोटलं की आत मी आणि पंखा. भिंतीला चादर लावलीय, तांदळाच्या डब्यावर फोन उभा केलाय, आणि अकरा वाजता लाइव्ह चालू करून मी त्या फोनला म्हणते, "नमस्कार ताईंनो, कशा आहात सगळ्या?" दिवसातलं माझं पहिलं बोलणं तेच असतं. घसा धरलेला असतो. म्हणून मी आधी दोनदा खाकरून, एकदा मोठ्यानं "हॅलो" म्हणून घेते, रिकाम्या खोलीत. मग अर्धा तास हसत हसत साड्या दाखवते. बंद केलं की तोंड तसंच हसरं राहतं थोडा वेळ, आपोआप, कुणी बघायला नसताना.

ग्रुपवर चारशे बायका आहेत. मी त्यांचे नंबर साडीवरून सेव्ह करते. "भूम जांभळी". "परंडा दोन नारंगी". "लातूर रिटर्न". नाव विचारायचं राहूनच जातं. त्याबी मला ताईच म्हणतात. साडी नेसली की काहीजणी फोटो पाठवतात, बारशाचा, डोहाळजेवणाचा. ते फोटो मी मोठे करून बघते. मागं कोण बसलंय, ताटात काय वाढलंय, कुणाचं लेकरू रडायलंय. माझ्या हातनं गेलेली साडी कुठं कुठं जेवून आली, असले शंभर तरी फोटो असतील माझ्याकडं. मी त्यातल्या एकाबी कार्यक्रमाला गेलेले नाही.

एवढं सगळं असून मला एकटं वाटायचं नाही, कारण माझी मैत्रीण होती. अकरावीपासूनची. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. बाकीच्या लग्न होऊन पांगल्या, ही मात्र कळंबातच दिली, आमच्या मागच्या गल्लीत. तिची सासू दुपारी झोपली की ही "जरा साड्या बघून येते" म्हणून निघायची आणि सरळ माझ्या पलंगावर. तिला घडी घालायला लई सुरेख जमतं. मी फोटो काढायचे, ती घड्या घालायची, आणि तोंड दोघींचं चालू.

"काय शेटाणी, आज किती जणींना ताई म्हणलीस?"

"पन्नास तरी."

"आन् तुला कुणी काय म्हणलं?"

"तेच. ताई."

"म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात धाकटी कुणीच न्हाय बघ. सगळ्या थोरल्याच."

एकदा एका बाईनं विचारलं होतं, ताई, कलर फोटोत आहे तसाच आहे का जरा तसा आहे? मी डोक्याला हात लावून बसले. हिनं माझ्या हातातनं फोन घेतला आणि म्हणली, "सांग तिला, कलर तसाच हाय, फोटोच जरा वेगळाय." आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या काकूंनी भिंत वाजवली.

तर ती एक दिवस पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या लग्नातल्या सात साड्या.

"ह्या काढून टाक. मला कप्पा मोकळा पाहिजे."

"कशाला?"

"पुस्तकं ठेवायला. शिक्षक भरतीचा अभ्यास चालू केलाय न्हवं का. पुस्तकं पलंगाखाली ठिवलीत, बटाट्यावाणी. रोज वाकून काढायचं."

"सासूबाईंना सांगितलंस?"

"सांगीन की. आधी विक तर. कुणाच्या काय ध्यानात राहतंय?"

मी म्हणलं खरंच आहे, फोटोवर कुणाचं नाव थोडंच असतंय.

आम्ही एकेक साडी उलगडून बघितली. आहेराच्या साडीला कोपऱ्यात हळद-कुंकू लावलेलं असतं, देणारी लावती. सहा साड्यांना होतं. ते मी कधी डागात धरत नाही, उलट जवळून दाखवते, म्हणजे घडी मोडलेली नाही हे बायकांना पटतं. सातवी आमसुली रंगाची होती, बारीक काठाची, अंगाला मऊ. तिच्या कोपऱ्याला मात्र कुंकू नव्हतं. एक बारीक काळा ठिपका होता.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काजळ असंल. लग्नात लेकरं असतात, कुणाचं तरी बोट लागलं असंल."

मी बोटानं चोळून बघितलं. थोडं बोटाला आलं. वास घेतला तर चांगला वास. मला वाटलं कपाटात हिनं अगरबत्तीचा पुडा ठेवला असंल. तेवढ्यावरच सोडलं.

आता माझी एक पद्धत आहे, आणि मला तिचा लई अभिमान होता. डाग लपवायचा नाही. सुरुवातीला एकदा मी एका साडीचं बारीक भोक सांगितलं नव्हतं, तर त्या बाईनं ग्रुपवर सगळ्यांदेखत मला धुऊन काढलं. तेव्हापासून जे असंल ते मी आधीच दाखवते. लाल गोल काढते, बाण काढते, खाली लिहिते. बायका म्हणतात, ताईंकडून डोळे मिटून घ्यावं. तर मी त्या आमसुली साडीचा कोपरा जवळून काढला. लाल गोल. बाण. खाली लिहिलं, "कोपऱ्याला बारीक काळा डाग आहे, धुतल्यावर जाईल. बाकी नवी कोरी." दहा मिनिटांत तुळजापूरच्या एका ताईंनी घेतली. मैत्रीण म्हणली, "बघ, खरं बोललं की विकतंय." दुसऱ्या दिवशी मी पार्सल पोस्टात टाकून आले.

चार दिवसांनी ती आली. दुपारी नाही, सकाळीच. मी फोनसमोर उभी होते, लाइव्ह चालू होतं. ती दारातच थांबली. मला वाटलं आत येऊन काहीतरी चेष्टा करंल, म्हणून मी बोलता बोलता तिला हातानं खुणावलं, थांब थांब. ती वीस मिनिटं दारात उभी राहिली.

मी लाइव्ह बंद केलं. ती म्हणली, "ती आमसुली आत्यांची होती."

आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्या, जळकोटला राहतात, शेती आहे. झालं असं होतं की माझ्या ग्रुपातल्या कुणीतरी तो फोटो स्वतःच्या स्टेटसला लावला. बायका लावतात, आपले थोडे पैसे वाढवून पुढं विकतात, मला कळतबी नाही फोटो कुठंपर्यंत गेला. तो जळकोटला आत्यांच्या सुनंनं बघितला. साडी तिनंच दुकानातनं आणून दिलेली, तिनं लगेच ओळखली आणि आत्यांना दाखवली. लाल गोलासकट. खालचं वाचूनबी दाखवलं.

"तो डाग नव्हता," मैत्रीण म्हणली. "बुक्का होता."

मला एकदम कळलं नाही. मग तिनं सांगितलं. आत्यांचे मालक लई वर्षांमागं वारले, त्या तिशीतबी नव्हत्या. तेव्हापासून कपाळाला कुंकू नाही, विठ्ठलाची माळ घातली आणि वासाचा काळा बुक्का लावतात. हिच्या लग्नात त्या मांडवात पुढं आल्याच नाहीत. आहेर चालू असताना हिला आत स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि पदराखालनं साडी काढून दिली. दुसऱ्या बाईकडून कुंकू लावून घेता आलं असतं, सगळ्या विधवा बायका तसंच करतात. त्यांनी नाही केलं. स्वतःच्या डबीतला बुक्का, स्वतःच्या बोटानं लावला.

"तुला माहिती नव्हतं?" मी म्हणलं.

"त्या गर्दीत मी बघितलं असंल व्हय कोपरा? घडी होती तशी ठिवली."

"त्या काय म्हणल्या?"

"काय न्हाय म्हणल्या. सासूबाईंना फोन केला. एवढंच म्हणल्या, पोरीला डाग वाटला तर माघारी द्यायची व्हती." ती अजून चौकटीलाच उभी होती. "सासूबाई म्हणल्या, साडी विकलीस त्याचं न्हाय काय. विधवेच्या बोटाला डाग म्हणलीस. सगळ्या गावाला गोल काढून दाखवलास."

आणि मग मी जे बोलले ते लिहायला हात थांबायलाय. पण लिहिते. मी म्हणलं, "मग तेव्हाच सांगायचं होतंस ना, कुणाची आहे ती. काजळ तूच म्हणलीस. डाग दाखवणं माझं काम आहे, मी माझं काम केलं."

तेवढ्यात फोन वाजला, कुणाचा तरी "बुक" असा मेसेज. आणि माझी नजर तिकडं गेली. एक सेकंद. खरंच एकच.

ती म्हणली, "बरोबर हाय तुझं." आणि गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही, दारसुद्धा हळू लोटलं.

मी फोटो काढून टाकला. तिला मेसेज केले, सॉरी, सॉरी, हात जोडलेले, रडके चेहरे, सगळं. निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एक ओळ दिसली, ती बाहेर पडल्याची. चारशेतली एक गेली तर कुणाला काय कळतंय. एका ताईंनी तर त्याच ओळीखाली विचारलं, "ही काठपदर उरलीय का?"

मग तीन आठवडे. तीन आठवड्यात मला कळलं की दुपार केवढी मोठी असती. दोन वाजले की कान दाराकडं. कुणी गेट वाजवलं की मी उठायचे, तर पेपरचं बिल, न्हायतर शेजारच्या काकूंना विरजण पाहिजे. घड्या मीच घालायला लागले, वाकड्या. लाइव्हमध्ये जास्तच हसायला लागले. बायका लिहायच्या, ताई आज लई खुशीत! एका दुपारी मी एका गिऱ्हाईक बाईंना उगीच विचारलं, जेवण झालं का? त्यांनी लिहिलं, "हो. पार्सल कधी निघंल?" बरोबरच आहे त्यांचं. मी तरी आधी कुठं कुणाला विचारलं होतं.

बाजारात एकदा ती दिसली, सासूबरोबर. मी समोरून आले. ती वांगी निवडायला लागली. तिला वांगं आवडत नाही.

घरी येऊन आईजवळ रडले. आई म्हणली, "त्या फोनात तोंड घालून सॉरी सॉरी काय करायलीस? पाय हायत न्हवं? साडी आण माघारी, आन् त्या बाईच्या म्होरं जाऊन बस."

म्हणून काल सकाळच्या एस्टीनं तुळजापूरला गेले. पार्सलवर पत्ता होताच. त्या ताईंचं देवळाच्या रस्त्याला ओटीच्या सामानाचं दुकान आहे, खण-नारळ, बांगड्या. मी नाव सांगितलं तर त्यांना कळेना, मग म्हणलं, साडीवाली, कळंबची.

"तुम्ही व्हय त्या?" त्या बघतच राहिल्या. "मला वाटलं पन्नाशीच्या असाल. लाइव्ह बघायला मला सवड कुठली, आन् फोनवर आवाज लई थोराड येतोय तुमचा."

मी म्हणलं, "ताई, ती आमसुली साडी मला परत पाहिजे. बदल्यात तीन आणल्यात, त्यातली कुठलीबी घ्या."

"आता गं बया. गिऱ्हाईक रिटर्न मागतंय ऐकलं होतं, दुकानदारच मागायलाय हे नवीनच. का, महाग निघाली का काय ती?"

पण आतून आणली त्यांनी. एकदाच नेसली होती. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी कोपरा माझ्यापुढं धरला, लई खुशीत. "बघा, गेला डाग! तुम्ही म्हणला तस्संच. शाम्पूची पुडी लावली, बोटानं चोळलं, पाच मिनिटात साफ."

मी त्या कोपऱ्याकडं बघत राहिले. आमसुली रंग. नुसता रंग. काही म्हणजे काही नव्हतं तिथं.

मग त्यांना सगळं सांगितलं. आधी वाटलं नव्हतं सांगावं, पण सांगितलं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणल्या, "मला काय ठाव गं बाई. तुम्हीच गोल काढला व्हता."

बदल्यात त्यांनी हिरवी घेतली. घ्यायच्या आधी चारी कोपरे उलटून बघितले आणि हळूच विचारलं, "हिच्यावर न्हाय ना कुणाचं काय?"

तिथनं नळदुर्गला गाडी बदलून जळकोटला. हायवेला उतरले तेव्हा दीड वाजला होता. घर विचारत विचारत गेले. दारापुढच्या वट्ट्यावर एक म्हाताऱ्या बाई सुपात तूर निवडायलेल्या. कपाळाला बारीक काळं बोट.

"आत्या, मी कळंबहून आले. तुमच्या भाच्याच्या बायकोची मैत्रीण."

त्यांनी चष्म्यावरनं बघितलं. "डागवाली व्हय?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार.

"बस. उन्हाची आलीस. पानी पी आधी."

त्यांची सून दारात येऊन उभी राहिली, मला खालनं वरपर्यंत बघून आत गेली. मी पिशवीतनं साडी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सूप बाजूला सारलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. एक कोपरा बघितला. दुसरा बघितला.

"धुतली?"

"जिनं घेतली होती तिनं."

"निघाला समदा?"

"निघाला."

"मग चांगलं झालं की. आता कुणालाबी चालंल."

टोमणा असता तर सोपं होतं. तो टोमणा नव्हता. त्या खरंच तसं म्हणल्या, तूर चांगली आहे का वाईट सांगावं तसं.

"आत्या, मला खरंच माहिती नव्हतं. मला काजळ वाटलं."

"आसंल. मला एक सांग. दुसऱ्याबी साड्या व्हत्या म्हणं. त्येला कुंकू व्हतं का?"

"होतं."

"त्येला गोल काढलास?"

"नाही."

"हां," त्या म्हणल्या आणि परत सूप ओढलं.

मला उठून जावं वाटायलेलं आणि उठता येईना. आतून चहा आला. चहा पिताना त्यांनी मधीच विचारलं, "किती बायांनी बघितलं असंल गं ते?"

"ग्रुपवर चारशे आहेत. स्टेटसला किती, ते सांगता येत नाही."

"चारशे!" त्यांनी बशी खाली ठेवली. "आगं, मांडवात चौघीम्होरं जायला मी लाजले. आन् चारशे बायांनी माझं बोट बघितलं म्हण की." आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. आतून सूनबी हसल्यासारखी वाटली. मी हसावं का रडावं कळेना, म्हणून चहा पीत राहिले.

मग मी ज्यासाठी एवढी आले होते ते विचारलं. म्हणलं, "आत्या, तुम्ही तिला एकदा फोन करून सांगता का, की तुम्ही रागावलेल्या नाहीत? ती माझ्याशी बोलत नाही. माझ्याकडं यायची बंद झालीय."

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "मी कवाच केला की फोन. दुसऱ्याच दिशी. लई रडली माझ्यापाशी. मी म्हणलं, रडू नगं, आब्यास कर, नवकरी लाग, आन् पहिल्या पगाराची मला साडी घे. हसली मग. रोज फोन करती आता. तिचं माझं काय न्हाय ऱ्हायलेलं."

सुपातले दोन खडे त्यांनी उचलून लांब टाकले.

"तुझं मला ठाव न्हाय, बाई."

ही गाठ मी तीन आठवडे चुकीच्या ठिकाणी सोडवायलेले. मला वाटत होतं साडी आणली, आत्यांची माफी मागितली की ती येईल. आत्यांचं आणि तिचं तर दुसऱ्याच दिवशी मिटलं होतं. न मिटलेलं फक्त माझं होतं. ती दारात वीस मिनिटं उभी होती, आणि मी माझं काम केलं म्हणले होते, ते.

निघताना साडी त्यांनी माझ्या हातात परत दिली. "मी काय करू हिचं? दिल्याली साडी हाय. तिला नेऊन दे." मी म्हणलं, परत बोट लावून देता का? त्यांनी मान हलवली. "आता नगं. दर खेपंला लावायला ती काय पाटी हाय का."

आणि आज. आज दोन वाजता मी तिच्या घरी गेले. पहिल्यांदा मी तिच्याकडं, एरवी तीच माझ्याकडं यायची. सासूबाईंनी दार उघडलं, "ये बाई" म्हणल्या, हाक मारली आणि आत पडायला गेल्या. ती बाहेर आली. हातात पुस्तक होतं, बोट पानात अडकवलेलं.

"अगं, तू! ये ना. बस ना."

खुर्ची पुढं केली. आत गेली आणि ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. दोन गिलास, ट्रेवर फुलांचा रुमाल. आयुष्यात तिनं मला ट्रेमध्ये पाणी दिलं नव्हतं. मी पाणी प्यायले. पूर्ण गिलास, म्हणजे तेवढा वेळ बोलायला नको.

साडी दिली. सगळं सांगितलं, तुळजापूर, शाम्पू, जळकोट. तिनं नीट ऐकून घेतलं. कोपरा बघितला, घडी घातली, तशीच सुरेख, आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवली.

"एवढं लांब गेलीस. लई त्रास झाला असंल."

मी म्हणलं, "त्या दिवशी मी जे बोलले ना, ते..."

"नाही गं, त्यात काय. असू दे."

"तू दारात उभी होतीस आणि मी..."

"तुझं काम चालू होतं. चालतंय." मग हसली. "कसा चाललाय तुझा बिझनेस?"

बिझनेस. ती मला शेटाणी म्हणायची, चिंध्यावाली म्हणायची, एकदा तर भंगारवाली म्हणली होती आणि मी तिला उशी फेकून मारली होती. मी म्हणलं, "बरा चाललाय." तिनं विचारलं, पोहे करू का? मी म्हणलं, नको, जेवून आले. जेवले नव्हते.

मी विचारलं, "उद्या येतीस का? दुपारी?"

"बघते गं. अभ्यास आहे."

गेटपर्यंत सोडायला आली. गेट स्वतः उघडलं, मी बाहेर पडले, तिनं कडी लावली आणि आतून म्हणली, "येत जा असं कधी कधी. बरं वाटतं."

मी मागच्या गल्लीतनं घरी आले, दोन मिनिटांची वाट, आणि तेव्हापासून हे लिहायलेय. ती भांडली असती तर मीबी भांडले असते, रडले असते, उद्या परत गेले असते. आता कशासाठी जाऊ? तिचं काहीच चुकलेलं नाही. पाणी दिलं, विचारपूस केली, गेटपर्यंत आली.

तुमच्याबरोबर झालंय का असं कधी? कुणी भांडलं नाही, बोलणं तोडलं नाही, फक्त एक दिवस तुमच्याशी एकदम नीट वागायला लागलं? झालं असंल तर सांगा ना. आणि मग तुम्ही काय केलं, परत गेलात का, तेबी सांगा.